निळ्या रंगाखालचं शेत

भूगोलवाल्यांना मी माझ्या उंबऱ्याच्या आत घेत नाही. नातवाने लग्न ठरवलं तेव्हा मुलगी शाळेत भूगोल शिकवते ही गोष्ट त्याने माझ्यापासून साखरपुड्यापर्यंत लपवून ठेवली. मुलगी चांगली निघाली. बोंबील साफ करते, तोंडावर उत्तर देते, म्हणून माझं तिचं जमलं. पण तिने बैठकीच्या भिंतीवर लावलेला नकाशा मी दुसऱ्या दिवशी उतरवून माळ्यावर टाकला. ती म्हणाली, "आजी, नकाशाने तुमचं काय घोडं मारलंय?" तेव्हा मी तिला भाजी निवडायला लावली. इथं लिहून ठेवते, वाचायचं तर वाचेल.

भाईंदरजवळच्या मोरवा गावातलं आमचं घर कुडाचं होतं, पण ओटा मोठा, आणि ओट्यावर बसलं की समोर आमचं शेत, शेताच्या पलीकडे बांध आणि बांधाच्या पलीकडे खाडी. बांधाच्या पोटात लाकडी फळ्यांचं एक दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे त्या दाराचं काम, आणि ते दार सांभाळणं हे माझ्या बाचं काम. दिवसा तो शेजारच्या शेठच्या मिठागरात मजुरीला जाई, पण भरती लागायच्या वेळेला तो उघाडीवर नाही असं कधी झालं नाही. पाणी चढलं की फळ्या चौकटीवर धपकन बसत. तो आवाज घरापर्यंत येई, आणि आय चुलीवरचं कालवण उतरवत म्हणे, "बसलं दार. आता येल तुजा बापूस." आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही कधी पडली नाही. आजही बाहेर कुणाच्या गाडीचं दार जोरात आपटलं की माझा हात पानं वाढायला उठतो.

बांध माझ्या आज्याने घातला. खाडीच्या चिखलातून त्याने ते शेत उभं केलं, त्यात राता नावाचा तांबडा भात लावला, जो थोडा खारटपणा सोसतो. त्याची भाकरी तांबूस व्हायची आणि घशात जराशी अडायची. ती अडली नाही तर मला अजून जेवल्यासारखं वाटत नाही. आमच्या घरात एक चाल होती. दर तिसऱ्या वर्षी कापणी झाली की बा मोठ्या उधाणाला उघाडी उघडी टाकायचा आणि खाडी शेतात घ्यायचा. मग दार लावून ते पाणी दीडदोन महिने आत कोंडून ठेवायचा. खाऱ्या पाण्याने तण मरतं, खेकड्यांची बिळं बुजतात, आणि पाण्याबरोबर आत आलेले जिताडे मासे मोठे होतात. शिमग्याच्या आधी पाणी सोडून द्यायचं, उरलेलं मीठ पावसात धुऊन जायचं. आम्ही याला शेत निजवणं म्हणायचो. निजलेलं शेत पाहणाऱ्याला ती खाडीच वाटे. गावातल्या माणसाला मात्र ते शेतच दिसायचं, कारण त्याने तिथं कापणीला विळा चालवलेला असायचा.

सरकारी दप्तरात ते शेत नव्हतंच. आज्याने बांध घातला तेव्हा कुणी मोजायला आलं नाही, त्यामुळे कागदावर तिथं नुसतं खाजण होतं, कुणाचीच नसलेली खारी पडजमीन. बाने ठाण्याला अर्ज केला होता की आमची वहिवाट आहे, शेत म्हणून नोंद करा. दोन वर्षं अर्ज पडून होता. त्याच तुकड्यावर मिठागर वाढवायचं शेठच्या मनात होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. कचेरीतला कारकून बाला म्हणाला होता, "छापील कागद आणा कुठलातरी. तुमच्या तोंडाला कोण विचारतो?"

त्या हिवाळ्यात शेत निजलेलं होतं, आणि त्याच हिवाळ्यात भूगोलवाले आले. मुंबईत भूगोल शिकवणाऱ्यांची आणि नकाशे काढणाऱ्यांची एक संस्था होती. अजूनही असेल. नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना वाटेल, म्हातारी अजून आपली आठवण काढते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे चौघे जण आले. त्यांचे पुढारी प्रोफेसर हळबे, डोक्यावर टोपी, पायात गुडघ्यापर्यंत मोजे. दोन विद्यार्थी होते, ते दिवसभर लोखंडी साखळी ओढत आणि तिचा खुळखुळ आवाज बैलगाडीसारखा बांधावरून फिरत राही. आणि सुलोचनाबाई म्हणून एक मास्तरीण होत्या, पंचविशीच्या, चष्मा लावणाऱ्या. नकाशा प्रत्यक्षात त्याच काढत. तिपाईवर फळी, फळीवर कागद, आणि शेजारी एक काळी वही, तिच्यात रोजचं पाहिलेलं लिहायचं. खाडीकाठाचा नकाशा करून त्यावर निबंध वाचायचा, तो संस्थेच्या पुस्तकात छापायचा, असा त्यांचा बेत होता.

छापायचा म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, चौथी शिकलेली, आणि भाव करण्यात गावात मला तोड नव्हती. त्यांना राहायला जागा हवी होती. बा हात जोडून "ऱ्हावा ना साहेब, तुमचंच घर हाय," म्हणायच्या आत मी मध्ये पडले.

"राहा, ओटा देऊ, दोन वेळचं जेवण देऊ. पैसे नकोत."

प्रोफेसर हसले. "मग काय हवंय?"

"हे समोरचं पाणी दिसतंय ना, ते आमचं शेत आहे. नकाशात शेत म्हणून दाखवायचं."

"जे असेल ते आम्ही दाखवतोच, मुली."

"तसं नको मास्तर. शेत दाखवतो म्हणा."

मास्तर म्हटलेलं त्यांना आवडलं नाही. चष्म्याच्या आड सुलोचनाबाईंना हसू आलं. शेवटी ते म्हणाले, "बरं, शेत दाखवू." मी ते धरून ठेवलं. आयुष्यात पुढे मी शेकडो व्यवहार केले, मीरा रोडला इमारती उठायला लागल्या तेव्हा भल्याभल्या बिल्डरांना घाम फोडला, पण माझा पहिला व्यवहार तो. त्यात मी कागद करून घेतला नाही. त्यानंतर कधी कागदाशिवाय राहिले नाही.

अकरा दिवस आम्ही त्यांना खाऊ घातलं. आयने हात आखडला नाही. सकाळी तांबडी भाकरी आणि सुकटीची चटणी, दुपारी जिताड्याचं कालवण, कधी कोळंबी, कधी चिखलातल्या निवट्या. विद्यार्थी पहिल्या दिवशी निवट्यांकडे बघून उठून गेले आणि चौथ्या दिवशी रश्शासाठी भांडत होते. प्रोफेसर स्वतःच्या लोट्यातलंच पाणी प्यायचे, पण जिताड्याचं डोकं त्यांनी कधी कुणासाठी मागे ठेवलं नाही. आय त्यांना वाढताना म्हणे, "खा बाबा, भूगोलाला ताकद लागते." ती हे अगदी मनापासून म्हणायची. मला मात्र प्रत्येक तुकडा वाढताना नकाशावरचं शेत दिसत होतं.

सहाव्या की सातव्या दिवशी सुलोचनाबाई साडी खोचून, हातात काठी घेऊन आमच्या निजलेल्या शेतात उतरल्या, खोली बघायला. पाणी पोटरीपर्यंतच होतं. चार पावलं गेल्या आणि ओरडल्या. बाहेर आल्या तर तळव्यातून रक्त. आयने हळद दाबली. मी म्हटलं, "बाई, भाताचं धसकट लागलं. कापणी करून महिना-सव्वा महिना झालाय, खाली सगळा खुंटांचा गालिचा आहे." त्यांनी खाली पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे खरंच शेत आहे गं," म्हणाल्या. लंगडत गेल्या आणि काळ्या वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झालं काम.

निघायच्या आदल्या दिवशी प्रोफेसर माझ्याशी आणखी एक गोष्ट बोलले. ती मी पुढे सांगेन, कारण ती तशीच पुढे आली.

वर्ष-सव्वा वर्षाने ठाण्याहून कागद आला की अर्ज नामंजूर. बा आणि मी कचेरीत गेलो. कारकुनाने शेठचा अर्ज उघडून दाखवला. त्याला जोडलेला होता संस्थेच्या पुस्तकातला नकाशा. अक्षरं इंग्रजी होती, मला वाचता येत नव्हती, पण रंगाला कुठली भाषा लागते? घर होतं, एक काळा ठिपका. बांध नव्हताच. शेतं पिवळी होती, मिठागरं पांढरी, खाडी निळी. आणि आमच्या ओट्यापासून पुढे सगळं निळं. कारकुनाने निबंधातली एक ओळ मराठी करून सांगितली. एका कोळी कुटुंबाने फार अगत्याने पाहुणचार केला म्हणून आभार मानले होते. आम्ही आगरी, भात पिकवणारे. त्यांना मासे खायला घातले म्हणून आम्ही मासेमार ठरलो. बा नकाशाकडे बघत राहिला, मग बोट त्या निळ्यावर ठेवून म्हणाला, "यात बुडालो काय आपण?" कारकून म्हणाला, "अपील करता येईल. पण ज्यांनी छापलं त्यांनीच चूक कबूल केली पाहिजे. तसं पत्र आणा."

त्याच महिन्यात सुलोचनाबाईंचं पोस्टकार्ड आलं. संस्थेची वार्षिक सभा आहे, आपल्या भागाच्या नकाशाला पदक मिळालंय, जमलं तर या. त्यांना काहीच माहीत नव्हतं की सगळं माहीत होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. बा नको म्हणत होता. मी त्याला धुतलेलं धोतर नेसायला लावलं. निघण्याआधी शेतात गेले. ते वर्ष निजवण्याचं नव्हतं, शेत कोरडं होतं. कापणीचे खुंट मुळासकट, काळ्या चिखलाच्या ढेकळासकट उपटले आणि फडक्यात बांधले.

सभा एका शाळेच्या मोठ्या खोलीत होती. पंख्याखाली साठसत्तर माणसं, सगळी कोटातली, भिंतीवर आमच्या खाडीचा नकाशा दारापेक्षा मोठा करून टांगलेला. प्रोफेसर इंग्रजीत बोलत होते. टाळ्या झाल्या. त्या थांबायच्या आत मी उठले आणि सरळ पुढे गेले. बा मागून "हिरे, हिरे" अशा मला हाका मारत होता. अध्यक्षांच्या समोरच्या टेबलावर मी फडकं सोडलं. ढेकूळ फुटलं, चिखल त्यांच्या कागदांवर गेला.

"हे तुमच्या खाडीच्या तळातून आणलंय," मी म्हटलं. "खाडीत भात होतो काय मास्तर?"

प्रोफेसरांनी मला ओळखलं. "मुली, ही सभा आहे, बाजार नव्हे."

"बाजारात दिलेला शब्द पाळतात. तुम्ही माझ्या आयच्या हातचं अकरा दिवस खाल्लंत आणि शब्द दिला होतात. जिताड्याची डोकी तेवढी आठवतात?"

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हातारे होते, समजूतदार वाटले. त्यांनी विचारलं काय झालं, आणि मी सगळं सांगितलं: शेत, निजवणं, अर्ज, शेठ, निळा रंग. ते म्हणाले, पुढच्या अंकात शुद्धिपत्र घालू. मी म्हटलं, पुढच्या अंकात नको, आज. इथं, सहीशिक्क्याचं पत्र. ते म्हणाले, कार्यकारिणीपुढे ठेवावं लागेल. मी म्हटलं, कार्यकारिणी इथंच बसली असेल, उभी करा. अशी ओढाताण चालली आणि मी जिंकत होते. हे मला अजून आठवतं, अंगात कसा आनंद चढला होता ते. अध्यक्षांनी कागदसुद्धा मागवला.

तेव्हा प्रोफेसर म्हणाले, "आधी क्षेत्रवही वाचा. आम्ही ऐकीव गोष्टींवर नकाशे काढत नाही."

"वाचा की!" मी ओरडले. "बाईंना विचारा ना, त्यांच्या पायात काय घुसलं होतं! बाई, सांगा!"

सुलोचनाबाई तिसऱ्या रांगेत होत्या. उठल्या, पण माझ्याकडे बघेनात. काळी वही त्यांच्याच पिशवीत होती. इंग्रजीत लिहिलेलं त्यांनी मराठी करून वाचलं, हळू आवाजात. पाण्याखाली भाताचे खुंट असल्याचा संभव. पायाला इजा. तपासणं आवश्यक. मग त्यांनी पान उलटलं आणि थांबल्या. अध्यक्ष म्हणाले, "पुढे?"

"एका ओहोटीपुरतं पाणी काढून तळ दाखवावा अशी प्रोफेसरांनी विनंती केली," त्यांनी वाचलं. "मालकाने नकार दिला. मुलीकरवी निरोप. तळ पाहता न आल्याने जलक्षेत्र म्हणून नोंद."

ती गोष्ट ही. निघायच्या आदल्या दिवशी प्रोफेसर ओट्यावर येऊन मला म्हणाले होते, "वडिलांना विचार, उद्याच्या ओहोटीत पाणी सोडता येईल का? तळ डोळ्यांनी पाहिला की आम्ही शेत रंगवतो." बा मिठागरात होता. मी त्याला विचारलंच नाही. पाणी सोडलं तर त्याबरोबर जिताडे गेले असते. नाताळ आठ दिवसांवर आला होता, उत्तनच्या चार ख्रिस्ती घरांना मी सणाच्या मासळीचा शब्द दिलेला होता, तो माझा स्वतःचा धंदा होता, बाचा नव्हे. आणि शेत दाखवायचा शब्द तर प्रोफेसरांकडून मी आधीच घेतलेला होता. दिलेल्या शब्दासाठी पुन्हा काही मोजायचं नसतं असं मला वाटत होतं. मी सकाळी त्यांना सांगितलं, "बा न्हाय म्हणतो."

सभेत सगळ्या माना बाकड्याच्या टोकाला वळल्या, जिथं बा बसला होता. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही नकार दिला होता?"

बाने माझ्याकडे बघितलं. त्याला तेवढं बघणं पुरलं. मग तो उठला, हात जोडले. "व्हय साहेब," म्हणाला. "मीच न्हाय बोललो. मना वाटला, पानी कशाला काढायचा."

मागवलेला कागद अध्यक्षांनी बाजूला सरकवला. नोकर ओलं फडकं घेऊन आला आणि टेबलावरचा चिखल पुसायला लागला.

तरीही मी त्या लोकांना सोडत नाही. बाला विचारायला मिठागर काही विलायतेत नव्हतं, पाच मिनिटांवर होतं. उघाडी कशाला असते एवढं बांधावर उभ्या कुठल्याही म्हाताऱ्याने सांगितलं असतं. आपल्या पायाने सांगितलेलं खोटं आणि सतरा वर्षांच्या पोरीचं तोंड खरं, असं ज्यांचं शास्त्र, त्यांचं पदक त्यांना लखलाभ. शुद्धिपत्र त्यांनी छापलं, त्यात मालकाच्या नकाराचा उल्लेख ठळक होता, आणि शेठच्या वकिलाला तेवढंच हवं होतं. सुलोचनाबाईंनी नंतर दोन पत्रं पाठवली. मी ती फोडली नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते. शेत गेलं, त्याचं मिठागर झालं. शेठने उघाडीवर बालाच ठेवलं, कारण ते दार दुसऱ्या कुणाला ओळखत नव्हतं. तेच दार, तोच बा, पण आता काम उलटं. भरतीला खाडी आत घ्यायची. फळ्या आता ज्या वेळी वाजायच्या त्या वेळी आय बाहेर ओट्यावर येऊन उभी राही आणि तशीच आत जाई. तिला खरं काय झालं ते बाने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं, सभेवरून परतताना. भाईंदरला उतरलो आणि खाडीच्या कडेने चालत निघालो. फडकं माझ्या हातात होतं, रिकामं, चिखलाने कडक झालेलं. मी वाट बघत होते की तो ओरडेल, एक थोबाडीत देईल. तशी तयारीच करून चालत होते, आणि तोंडात उत्तरही तयार होतं. माझ्याकडे उत्तर नेहमीच तयार असतं. अर्धी वाट झाली. बांध दिसायला लागला तेव्हा तो थांबला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"जिताडा केवढा झालता गो त्या नाताळला?"

मी हात लांब करून कोपरापर्यंत दाखवला.

"मोठा झालता," बा म्हणाला, आणि भरती लागायची वेळ झाली होती म्हणून भराभरा पुढे चालायला लागला.